तुरटीची पुरचुंडी

सोमवारी सकाळी सात नंबरच्या बदकानं चव्वेचाळीस आकडा दाखवला, तेव्हा सारिका नगरेनं आधी काचेला थुंकी लावली आणि पदरानं घासून पाहिलं. आकडा काही पुसला गेला नाही. वरचा दिवा काल हिरवा होता, आज पिवळा जळत होता.

बदक म्हणजे खरं बदक नव्हे. प्रेशर कुकरएवढं एक यंत्र, आजूबाजूला भोकं पाडलेल्या निळ्या पिंपात तरंगत ठेवलेलं. पिंप कशाला, तर शेवाळ आणि म्हशी यांच्यापासून यंत्राचा बचाव व्हावा म्हणून. पाखरं बिचकू नयेत यासाठी पशुसंवर्धन खात्यातल्या कुणा हौशी माणसानं यंत्राला चोच आणि दोन डोळेही रंगवून दिले होते. पाखरं बिचकली नाहीतच, ती खुशाल त्याच्या डोक्यावर बसून घाण करायची. सोनमाळ धरणाच्या फुगवट्यावर अशी दहा बदकं होती आणि त्यांतल्या सहा, सात, आठ या नंबरांची राखण सारिकाकडे होती. सरकारी कागदावर तिचा हुद्दा 'जलनिरीक्षण सहायक' असा भारदस्त होता. गाव तिला पाणराखीण म्हणायचं.

यंत्र काय करतं हे सारिका झोपेतसुद्धा सांगू शकली असती, इतक्या वेळा तिनं ते डॉक्टर सायली बोरवणकरांच्या तोंडून ऐकलं होतं. या बाई खात्याच्या पशुवैद्यक, आणि चार वर्षांपूर्वी सारिकाला या कामावर घेतलं तेही त्यांनीच. त्या सांगत, थंडीत उत्तरेकडून हजारो रानबदकं धरणावर उतरतात, तलवार बदकं, थापटे, चक्रवाक. त्यांतल्या काहींच्या आतड्यात फ्लूचा विषाणू मुक्कामाला असतो. यजमानाला तो सहसा त्रास देत नाही. पाखरू विष्ठा टाकतं, ती पाण्यात मिसळते, दुसरं पाखरू तेच पाणी चोचीतून गाळून खातं. शिंक नको, खोकला नको, पाणी हीच त्याची वाट. पाणी जितकं गार तितका तो जास्त टिकतो. चैत्रातल्या कोमट पाण्यात फार तर काही दिवस, पण पौषातल्या गार पाण्यात कित्येक आठवडे. म्हणजे ज्यानं विषाणू टाकला ते पाखरू उडून परमुलखात गेलं, तरी त्यानं मागं ठेवलेलं पाणी पुढच्याची वाट बघत असतं.

पूर्वी हे कळायचं ते पाखरं मरून काठाला लागली की. यंत्रं आल्यापासून आधी कळू लागलं. यंत्र दर चार तासांनी पेलाभर पाणी ओढायचं, त्यातल्या विषाणूंची कवचं फोडायचं, आतली जनुकांची लिपी वाचायचं आणि आकडा खात्याकडे पाठवून मोकळं व्हायचं. वीसच्या आत हिरवा दिवा, त्यापुढं पिवळा. सलग तीन दिवस चाळीसच्या वर आकडा आला की लाल. लाल म्हणजे वर्तुळ. त्या यंत्रापासून एक किलोमीटरच्या आत जेवढी म्हणून पाळीव पाखरं असतील, ती सगळी मारायची. त्याला अपील नव्हतं.

सात नंबरपासून सारिकाचं घर चारशे पावलांवर होतं. आणि घरामागं ईश्वरीची एकशे ऐंशी बदकं होती, खरीखुरी.

ईश्वरी ही सारिकाची एकुलती एक लेक. तीन वर्षांपूर्वी ती सासरहून परत आली, ती बाळंतपणात गेलेलं मूल तिकडच्या मातीत ठेवून. आल्यावर पाच महिने ती बोलली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची, आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघायची. सारिकाचा नवरा आधीच वारलेला. घरात दोन बायका आणि जीभ एकीचीच चालायची. देवऋषी झाला, तालुक्याचा डॉक्टर झाला. शेवटी हाताला काहीतरी चाळा म्हणून सारिकानं बाजारातून बदकाची दहा पिल्लं आणून अंगणात सोडली. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत असताना बाहेरून आवाज आला, "अगं थांब की जरा, सगळ्यांना मिळंल."

पाच महिन्यांनी लेकीच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य एका पिवळ्या पिल्लासाठी होतं. सारिकाला त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली आणि चुलीपुढं बसून पोटभर रडून घेतलं.

आता दहाची एकशे ऐंशी झाली होती. आणि वर्तुळ म्हणजे काय, हे मायलेकींनी गेल्याच साली पाहिलं होतं. सहा नंबरचं ते वर्तुळ सारिकानंच राखलेल्या आकड्यावर पडलं होतं. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, कोंबड्या पिशव्यांत कोंबल्या, पिशव्यांत गॅस सोडला. एक म्हातारी पिशवीला मिठी मारून बसली होती. तिला दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. सारिका तेव्हा हातात फळी-कागद घेऊन पाखरं मोजत होती आणि आपण नियमानं वागलो याचा तिला थोडा अभिमानही वाटत होता. दुसऱ्याच्या अंगणातला नियम पाळायला सोपा असतो.

घरी आल्यावर ईश्वरी म्हणाली होती, "आई, आपल्यावर पाळी आली तर मला सगळ्यात आधी सांग. मी माझ्या हातानं धरून देईन त्यांना. पण मला दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको."

"सांगीन की."

"शपथ घे."

"आसरांची शपथ," सारिका म्हणाली. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात देवी, भोयांची दैवतं. पाण्यावर पोट असणारा माणूस त्यांची खोटी शपथ घेत नाही.

मंगळवारी सात नंबरनं बावन्न दाखवला. दहा वाजता डॉक्टर सायलींचा फोन आला.

"ताई, बघितलंत ना? उद्याही चाळीसच्या वर राहिला तर परवा पथक पाठवावं लागेल." मग त्या म्हणाल्या, "तुमचं घरही त्यात येतं. मला खरंच वाईट वाटतंय हो."

"नियम तो नियम, मॅडम," सारिका म्हणाली. गेल्या साली हेच वाक्य तिनं त्या म्हातारीला ऐकवलं होतं.

आता सांगायचं, असं ठरवूनच ती घरी गेली. ईश्वरी ओट्यावर बसली होती, मांडीत एक लंगडं बदक. आठवडी बाजारात एका म्हातारीकडून तिनं महिन्यापूर्वी बारा बदकं घेतली होती, त्यांतलं हे एक. आरोग्याचा दाखला नाही, लस टोचलेली नाही, नुसती दया आली म्हणून घेतलेली. "बघ आई, आता पाय टेकायला लागलंय," ती म्हणाली आणि हसली. चहा झाल्यावर सांगू, असं म्हणत सारिकानं चुलीवर आधण ठेवलं.

ईश्वरीनं बदक खाली ठेवलं, हात धुतले आणि पाण्याच्या हंड्याकडे गेली. "आज लई गढूळ आलंय पाणी," म्हणत तिनं कोनाड्यातला तुरटीचा खडा घेतला आणि हंड्यात गोल गोल फिरवला. सारिका बघत राहिली. चहा उकळेपर्यंत हंड्यातला गढूळपणा एकमेकाला चिकटून, गोळे होऊन, खाली बसायला लागला. वरचं पाणी काचेसारखं निवळलं.

जन्मापासून पाहिलेली गोष्ट. पण त्या दिवशी सारिकानं ती नव्यानं पाहिली. यंत्राची नळी पाण्यात वीतभरच खोल असते, कारण बदकंही तेवढ्याच खोलीचं पाणी पितात, असं मॅडम म्हणायच्या. वीतभर खोलीचं पाणी निवळलं, तर यंत्र दुसरं काय सांगणार? आणि पाणी निवळणं हा काही गुन्हा नव्हे. आईनं, आजीनं, अख्ख्या भोईवस्तीनं हेच केलं. तुरटी फिरवली की पाणी साफ होतं, हे काय तिनं शोधून काढलं होतं? सारिकानं स्वतःची अशी समजूत घातली आणि अर्धी ती तिला खरीसुद्धा वाटली. उरलेल्या अर्ध्याची तिला चांगली जाणीव होती, नाहीतर तिनं खडा पदराखाली लपवून नेला नसता.

दिवस मावळायच्या आत ती होडी घेऊन गेली. जुन्या हिरव्या खणाच्या तुकड्यात खडा बांधला आणि ती पुरचुंडी पिंपाच्या आत, नळीच्या जवळ लोंबती बांधली. राखण करायला ठेवलेलं कुंपण शेत खातं म्हणतात, ते असं अगदी सावकाश खातं.

बुधवारी आकडा सतरा आला. दिवा हिरवा.

"सुटलो, ताई!" डॉक्टर सायली फोनवर अक्षरशः ओरडल्या. "थवा उठून गेला असणार. वर्तुळ रद्द."

सारिकानं देवापुढं साखर ठेवली. कुठल्या देवापुढं, ते तिनं बघितलं नाही.

पुढं चोवीस दिवस सात नंबर हिरवा राहिला. दर चौथ्या दिवशी सारिका विरघळलेल्या खड्याच्या जागी नवा बांधत होती. पाच नंबरच्या काठावर वर्तुळ पडलं, तिथली तीनशे पाखरं गेली. दोन नंबर दहा दिवस पिवळा राहिला. सात नंबर मात्र धरणातलं सगळ्यात स्वच्छ पाणी म्हणून खात्याच्या नकाशावर झळकू लागला. ईश्वरीची बदकं त्या पाण्यात डोकी बुडवून शेपट्या आभाळाकडे करून चरायची, आणि लेक काठावर बसून त्यांना नावांनी हाका मारायची.

एकच काम सारिकानं त्या दिवसांत टाळलं. दर पंधरवड्याला पिंपाच्या तळाचा गाळ काढायचा असतो. एकदा तिनं आत डोकावून पाहिलं. चार बोटं पांढुरका लपलपीत थर बसला होता.  पुढच्या खेपेला काढू, असं म्हणून तिनं झाकण लावलं.

नकाशावर झळकण्याची शिक्षा लवकरच मिळाली. पाणी कसं राखावं हे बाकीच्या धरणांवरच्याही पाणराखिणींना शिकवायला डॉक्टर सायलींनी तिला दोन दिवस जिल्ह्याला बोलावलं. सारिका गेली. नमुना दाखवायला हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, सगळं पिशवीत भरून नेलं. तिथं तिनं पंचवीस बायकांपुढं हातमोजे कसे चढवायचे ते दाखवलं आणि टाळ्या घेतल्या.

परत आली तेव्हा घर झाडलेलं, जेवण तयार. चौथ्या दिवशी ईश्वरीला ताप भरला. पाचव्या दिवशी सकाळी बावीस बदकं माना वाकड्या करून काठावर पडली होती. लंगडं त्यात पहिलं.

ईश्वरीला श्वास पुरेनासा झाला तशी रुग्णवाहिका आली. लेकीला आत चढवताना सारिकाच्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी होत्या, आणि दुसरी गोष्ट डोक्यात आली म्हणून तिनं स्वतःला पुढं कधीच माफ केलं नाही. पथक यायच्या आत ती पुरचुंडी काढायला हवी, ही ती दुसरी गोष्ट. "कपडे घेऊन मागनं येते," असं सांगून ती मागं राहिली. होडी काढली, पुरचुंडी सोडवली आणि पोलक्यात खुपसली. मग मिळेल त्या गाडीनं जिल्ह्याला गेली.

दुसऱ्या दिवशी वर्तुळ पडलंच. उरलेली बदकं आणि वस्तीतल्या अकरा घरांच्या कोंबड्या पिशव्यांत गेल्या. सारिकाला मोजायला जावं लागलं नाही, एवढीच काय ती सूट.

रुग्णालयात ईश्वरी काचेपलीकडं होती. कुणाला आत सोडत नव्हते. बाहेरच्या बाकावर डॉक्टर सायली सारिकाजवळ येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"ताई, तपासणी आली. विषाणू पाखरांचाच आहे. पण मला एक कळत नाही. हा माणसाला सहजी होत नाही. धरणाच्या पाण्यात तो फार विरळ असतो, बदकाला पुरतो, माणसाला पुरत नाही. रोज पाण्यात उतरणाऱ्या तुम्ही सगळ्या ठणठणीत आहात ना? तिला इतका मोठा डोस मिळायचा, तर कुणीतरी पाण्यातला विषाणू गोळा करून तिच्या ओंजळीत ठेवायला हवा."

सारिकाला एकदम मोकळा श्वास आला. म्हणजे पाण्यातून नाही! म्हणजे आपण नाही. हा आनंद तिला जेमतेम अर्धा तास पुरला.

अर्ध्या तासानं परिचारिकेनं काचेपलीकडून फोन ईश्वरीच्या कानाला लावला. नाकातोंडावर नळ्या होत्या, शब्द तुटत होते.

"आई, बदकं?"

"हायती की. शेजारचा मारुतीआप्पा दाणा घालतोय."

"एक सांगायचं राहिलं... तू जिल्ह्याला गेल्तीस ना, तवा तुझं सात नंबरचं पिंप कललं होतं. गाळानं जड झाल्तं. मी साफ केलं."

सारिकाचा हात काचेवरच राहिला. "मोजे घातलं होतंस का?"

"मोजे तू नेलं होतंस. हातानंच काढला. ओंजळीओंजळीनं... लई घाण वास. तोंडावर उडाला. काठावर टाकला तर माझी येडी बदकं तुटून पडली त्यावर." ती हसायला गेली आणि खोकल्यानं वाकली. परिचारिका फोन काढून घ्यायला लागली, पण तिनं मान हलवून नको म्हटलं. "आत पुरचुंडी सापडली मला. हिरव्या खणातली."

काचेवरचा हात सारिकानं पोलक्यातल्या पुरचुंडीवर दाबून धरला.

"तू आसरांना बांधलीस ना? माझ्या बदकांसाठी? मला बोलली न्हाईस, पण मी वळखलं. मी कपाळाला लावली आणि होती तिथं परत बांधली."

तुरटी विषाणूला मारत नाही. ती त्याला फक्त बाकीच्या मळाबरोबर गोळा करते आणि खाली बसवते. भोकांतून रोज नवं पाणी आत येत होतं, रोज त्यातला विषाणू खाली बसत होता, आणि माघातल्या त्या गार गाळात तो जिवंत राहत होता. चोवीस दिवसांचा साठा. विरळ होता तो दाट झाला होता. वरच्या वीतभर पाण्यात यंत्राला काही दिसत नव्हतं, कारण जे दिसायचं ते सगळं खाली ईश्वरीच्या ओंजळीसाठी जमत होतं.

"आई, लोकं म्हणत्यात बाजारातल्या बदकांनी आणलं. मीच आणलं का गं?"

आता एकच वाक्य बोलायचं होतं. सारिकाच्या जिभेवर ते आलंही. पण ते बोललं, तर लेकीच्या हातात उरलेली एवढीशी गोष्टही, आईनं आपल्यासाठी देवाला काहीतरी बांधलं होतं ही, काढून घ्यावी लागणार होती.

"न्हाई गं बाळा," ती म्हणाली. "आणि पुरचुंडी... व्हय, आसरांनाच बांधली होती."

ईश्वरीनं डोळे मिटले. ती नवव्या दिवशी गेली, दुपारी सव्वादोन वाजता. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह सारिकाला दहा पावलांवरून दाखवण्यात आला.

उगम कुठला, हे शोधायलाही खात्याकडे गणकयंत्र होतंच. सगळ्या बदकांचे आकडे, वाऱ्याची दिशा, रानबदकांच्या पायांत बसवलेल्या खुणेच्या कड्या आणि विषाणूची लिपी असं सगळं त्यात घातलं की ते नकाशावर बाण काढायचं. त्यानं पाहिलं, सात नंबर जवळजवळ महिनाभर हिरवा. मग ईश्वरीची बदकं मेली. मग, म्हणजे पुरचुंडी निघाल्यावर, सात नंबर एकदम एकसष्टवर गेला. इतका सरळ हिशेब! बाण ईश्वरीच्या अंगणातून निघाला आणि पाण्यात शिरला. पुढच्या पंधरवड्यात काठाला लागलेल्या चाळीस रोहित पक्ष्यांपर्यंतसुद्धा तो जाऊन पोचला. अहवालात कारण छापलं गेलं, 'आठवडी बाजारातून विनादाखला आणलेली बारा बदके.' वस्तीतली अकरा घरं सारिकाच्या दारावरून जाताना मान फिरवू लागली. तेराव्याला जेवायला चार माणसं आली, त्यांतली दोन परगावची.

चौदाव्या दिवशी सारिका डॉक्टर सायलींच्या कचेरीत गेली. त्यांच्या टेबलावर तिनं हिरव्या खणाची पुरचुंडी ठेवली आणि सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. आसरांची शपथसुद्धा सांगितली.

डॉक्टर सायली आधी म्हणाल्या, "ताई, दुःखात माणूस असं स्वतःवर ओढून घेतो." मग सारिकानं टेबलावरच्या पेल्यात खिडकीतल्या कुंडीतली चिमूटभर माती टाकली, पाणी ढवळलं आणि पुरचुंडी फिरवली. दोघी बघत राहिल्या. माती गोळा होऊन खाली बसली. वरचं पाणी निवळलं.  डॉक्टर सायली हुशार होत्या, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच न्हाई. म्हणून तर आलेय. लेकीचं नाव काढा त्या कागदावरनं. माझं घाला. मला जेलात घाला."

डॉक्टर सायली उठल्या आणि दार लावून आल्या. "ऐका. चार आण्यांच्या तुरटीनं यंत्र फसतं, हे उद्या जाहीर झालं तर काय होईल? चार वर्षांत या आकड्यांवर आपण दीड लाख पाखरं मारली. प्रत्येक जण विचारेल, आमचा आकडा कशावरून खरा होता? लोक यंत्रं फोडतील. आणि ज्यांना फोडायची नाहीत ते तुरटी बांधतील. दहाच्या दहा हिरवी दिसतील आणि प्रत्येकाच्या तळाशी तुमच्यासारखं एक पिंप साठेल. किती ईश्वरी मरतील, ताई?"

"मग माझ्या ईश्वरीचं काय?"

"ती गेली." डॉक्टर सायलींनी पेला बाजूला सरकवला. "तिला आता काही लागत नाही. पुढच्या हंगामात यंत्रात तुरटी ओळखणारी कांडी बसवू आपण. गुपचूप. तोवर हे इथंच राहू दे."

त्यांनी पुरचुंडी उचलली, टेबलाच्या खणात ठेवली आणि किल्ली फिरवली. डॉक्टर सायली वाईट बाई नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. सारिकानंही कधी काळी फळी-कागद धरून असंच बरोबर वागायचं काम केलं होतं.

"मी बोंबलून सांगीन गावात," ती कशीबशी म्हणाली.

"सांगा. कोण मानेल? आकडे तुम्हीच राखलेल्या यंत्राचे आहेत."

ते खरंच निघालं. सारिकानं मारुतीआप्पाला सांगितलं. म्हातारा खाटेवर बसून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोरीचं पाप आपल्या पदरात घ्यायला बघतीस, सारके. आईच हाईस तू. पण यंतर खोटं कसं बोलंल?" चार वर्षं घरोघर फिरून यंत्र खोटं बोलत नाही असं सांगणारी बाई सारिकाच होती. तिचं शिकवणं वस्तीला पक्कं पाठ झालं होतं.

तिनं काम सोडलं नाही. सात नंबर आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात जावा, हे तिला सोसवेना.

पुढच्या कार्तिकात, रानबदकं उतरायच्या आधी, खात्यानं सगळ्या पाणराखिणींना प्रबोधनाचा कागद धाडला. तो गावोगावी वाचून दाखवायचा होता. सारिकाच्या वाट्याला पलीकडच्या काठावरची गावं आली. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. एका दुपारी बचत गटाच्या बायका देवळाच्या मांडवात जमल्या, कुणी वाती वळत, कुणी पोरं मांडीवर घेऊन. सारिकानं चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"गेल्या हंगामात एका तरुण महिलेने बाजारातून दाखल्याशिवाय बारा बदके आणली. त्या हलगर्जीपणामुळे तिचा स्वतःचा जीव गेला, अकरा घरांची पाखरे मारावी लागली, आणि धरणावरचे चाळीस रोहित पक्षी मेले..."

"चांगलंच झालं म्हणायचं," मागून एक बाई फणकारली. तिची कोंबडी कुठल्यातरी वर्तुळात गेली असणार. "स्वतः मेली ती मेली, दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन गेली."

सारिकानं ओळीवर बोट तसंच ठेवलं.

वाती वळणारी एक म्हातारी पुढं बसली होती. तिनं हात थांबवला आणि कळवळून विचारलं, "पोर होती, तिला काय कळतंय? पर तिला आई न्हवती का? आईला तरी कळाया नगं?"

मांडवात सगळ्या जणी सारिकाकडे बघत होत्या. तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कळलं होतं, आजी," ती म्हणाली. "आईला सगळ्यात आधी कळलं होतं."

आणि मग कागदावरचं बोट एक ओळ खाली सरकवून तिनं पुढचं वाचायला घेतलं. पाखरांचं पिण्याचं पाणी रोजच्या रोज बदलावं.